मदत हवी आहे: पह्लवांची भाषा पहलवी नाही का?

गिरणाकाठ
उद्या संध्याकाळी टिपण द्यायचंय आणि एका तळटीपेवर अडकलेय. "पह्लवांची भाषा पहलवी, तिच्यातूनच आजची फारसी आली" असं लिहिलं होतं. सरांनी पूर्ण वाक्य खोडून बाजूला "तपासा" लिहिलंय, बाकी काही नाही. दोन दिवस शोधतेय, पहलवीचा अर्थ सगळीकडे "पार्थियन" असाच देतात. मग चुकलं काय? प्लीज लवकर सांगा.

सह्यकडा
पल्लव म्हणजे कांचीपुरमचे ना? त्यांचे सुरुवातीचे ताम्रपट प्राकृतात, मग संस्कृतात. महाबलीपुरमचे फोटो आहेत माझ्याकडे, हवे असतील तर टाकतो.

नाणेवेडा
ते पल्लव, हे पह्लव. ताई, टिपण कशावर आहे? काळ कुठला? हा शब्द तुम्हाला कुठे भेटला ते सांगितल्याशिवाय कसं सांगणार?

गिरणाकाठ
अहो नाशिक! लेणं क्रमांक 3, गौतमी बलश्रीचा लेख. गौतमीपुत्राला "सकयवनपल्हवनिसूदनस" (शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा) म्हटलंय ना, तिथली तळटीप.

नाणेवेडा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. म्हणजे इ. स. चं दुसरं शतक, इराणात पह्लवांचं, म्हणजे पार्थियनांचं, अर्सासिद घराणं (इ. स. पू. 247 ते इ. स. 224). माझं ऐका, नाण्यांपासून सुरुवात करा. आधी बहुतेक ग्रीक अक्षरं, मग इ. स. च्या पहिल्या शतकात आरामाईक लिपीच्या वळणाची पार्थियन अक्षरं दिसू लागतात.

शब्दमूळ
नाण्यांनी त्यांची तळटीप कशी सुटेल? घोळ नावात आहे. "पार्थव"चं झालं "पह्लव", म्हणून पहलवीचा शब्दशः अर्थ पार्थियन, इथवर तुमचं बरोबर. पण पुढे ते नाव चिकटलं दुसऱ्याच भाषेला: अर्सासिदांनंतरच्या सासानी घराण्याच्या काळातल्या मध्य फारसीला. ती नैर्ऋत्येच्या पार्स प्रांतातली, आणि आजची फारसी तिच्या वळणाची. पार्थियन इराणी भाषांच्या वायव्य गटातली. (पार्थिया स्वतः इराणच्या ईशान्येला, गटाचं नाव मात्र वायव्य. मीही यावर बरेच दिवस अडखळलो होतो.) दोघी बहिणी आहेत, मायलेकी नाहीत.

शब्द लावून बघा. तीन: पार्थियन "ह्रे", मध्य फारसी "से". दार: "बर" आणि "दर". जाणणे: "झान" आणि "दान". हृदय: "झिर्द" आणि "दिल". आपण दिल म्हणतो तो फारसीकडून आलेला.

दस्तूरवाडी
पण आमच्या पारसी मित्राकडे पहलवी ग्रंथ आहेत, ते तर झरथुष्ट्री धर्माचेच. ते पार्थियन नाहीत?

शब्दमूळ
नाहीत, ती मध्य फारसी. पार्थियन हवी तर तुर्कमेनिस्तानात निसाला सापडलेली खापरं बघा, दोन हजारांच्या वर आहेत, बहुतेकांवर द्राक्षारसाच्या नोंदी. किंवा चीनमधल्या तुर्फानला सापडलेले मानी पंथाचे (मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या अनुयायांचे) कागद. इराणात नक्श-ए-रुस्तमला सासानी राजा पहिल्या शापूरचा लेख तर पार्थियन, मध्य फारसी आणि ग्रीक अशा तिन्हींत कोरलाय. एकच भाषा असती तर दोनदा कशाला कोरली असती?

डोंगरवाट
पार्थियनची लेक कुर्दी. कुर्दीतही "झानीन" म्हणजे जाणणे. विषय संपला.

शब्दमूळ
एका शब्दावरून वारसा ठरत नाही. कुर्दीत तीनला "से"च म्हणतात. तुर्कस्तानातल्या झाझाकी भाषेत "हिरे", ते पार्थियनच्या जवळचं. तरीही आजची कुठलीही भाषा पार्थियनची थेट लेक म्हणून ठरलेली नाही.

डोंगरवाट
पण बलुचीतही "झान"च आहे, ते कसं?

शब्दमूळ
ते "झ" वायव्य गटात बऱ्याच ठिकाणी टिकलंय. गट एक आहे, एवढंच त्यातून कळतं.

नाणेवेडा
अवांतर: आपला पैलवान फारसी "पहलवान"वरून, आणि तो याच पह्लववरून. कोल्हापूरकरांनो, वाचताय ना?

सह्यकडा
हे भारी आहे. मग शहरसुद्धा का?

शब्दमूळ
तेही वायव्येकडच्या रूपाचं. अस्सल पार्सचं जुनं रूप "ख्शस्स" होतं, त्यातून शहर निघत नाही. पण पैलवान-शहरासाठी वेगळा धागा काढा, ताईंची उद्याची मुदत आहे.

गिरणाकाठ
आता असं लिहिते: "पह्लव म्हणजे पार्थियन. त्यांची भाषा पार्थियन, वायव्य इराणी गटातली. पहलवी या नावाने ओळखली जाणारी मध्य फारसी ही वेगळी भाषा." "ह्रे" आणि "से" उदाहरणादाखल घालतेय. शब्दमूळ, शापूरच्या लेखाचं साल सांगाल?

शब्दमूळ
साधारण इ. स. 260 च्या आसपास. "सुमारे" लिहायला विसरू नका.