मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने शिकावं की रेमिंग्टनने? आणि पत्राची रचना वर्डमध्ये पक्की कशी करायची?

लिपिका

नमस्कार मंडळी. पतसंस्थेच्या ऑफिसात मराठी पत्रं, नोटिसा आणि सभेची इतिवृत्तं टाइप करायचं काम आहे. सध्या दोन बोटांनी, बटणांकडे बघत, मिनिटाला जेमतेम बारा-पंधरा शब्द होतात. पुढे सरकारी टायपिंगची परीक्षाही द्यायची आहे. प्रश्न असे:

मराठी कीबोर्डच्या दोन अक्षररचनांपैकी इनस्क्रिप्ट शिकू की रेमिंग्टन? बोटांची सवय पहिल्यापासून कशी लावायची?

'कर्मचाऱ्यांना' टाइप केलं की दर वेळी 'कर्मचार्यांना' असं उमटतं. काय चुकतंय?

वर्डमध्ये फॉन्ट किंवा आकार बदलला तरी कधीकधी मराठी अक्षरं तशीच राहतात. सही दुसऱ्या पानावर एकटी जाते. आणि माझ्याकडे नीट दिसणारं पत्र दुसऱ्या कम्प्युटरवर उघडलं की विस्कटतं.

विंडोज ११ आणि वर्ड वापरते.

टकटक

परीक्षेचं आधी. जीसीसी-टीबीसी ही कम्प्युटर टायपिंगची सरकारी परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं. ज्या इन्स्टिट्यूटमधून फॉर्म भरणार तिथे जाऊन परीक्षेचं सॉफ्टवेअर कोणता कीबोर्ड देतं ते स्वतः बसून बघा, आणि पहिल्या दिवसापासून तोच धरा. सहा महिने एक शिकून मग दुसऱ्यावर जाणं फार जड जातं, कारण दोन्हींमध्ये नुसती अक्षरांची जागा वेगळी नाही, टाइप करायचा क्रमच वेगळा आहे.

रेमिंग्टन टाइपरायटरवरून आला. गाडा एकाच दिशेने सरकायचा, म्हणून अक्षराच्या डावीकडे दिसणारी ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. रफार डोक्यावर बसतो, म्हणून तो त्या अक्षरानंतर. म्हणजे डोळ्याला दिसतं तसं टाइप करायचं. इनस्क्रिप्टमध्ये उच्चारतो त्या क्रमाने: आधी 'क', मग वेलांटी. 'कार्य' लिहिताना क, काना, र, पाय मोडणे, य. रफार आपोआप वर जातो. परीक्षेचं बंधन नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, इनस्क्रिप्ट शिका. तो विंडोजमध्ये आधीपासून आहे, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, आणि हिंदी-गुजरातीलाही अक्षरांच्या जागा त्याच राहतात.

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी जोडा. कीबोर्डच्या यादीत 'मराठी फोनेटिक' दिसला तर तो घेऊ नका, तो वेगळा आहे. इंग्रजी-मराठी अदलाबदल विंडोज बटण आणि स्पेसबारने होते.

आता बोटं. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, तर्जन्या तिथे टेकवायच्या. इनस्क्रिप्टमध्ये एफवर ऱ्हस्व वेलांटी आहे आणि जेवर र. मधल्या ओळीत डावीकडून: ओकार, मात्रा, पाय मोडणे, ऱ्हस्व वेलांटी, ऱ्हस्व उकार, मग उजव्या हाताला प, र, क, त, च, ट. डावा हात बहुतेक स्वरचिन्हांचा, उजवा बहुतेक व्यंजनांचा. त्यामुळे हात आलटून-पालटून चालतात आणि टाइपिंगला ठेका येतो. ठेका पकडला की वेग मागून येतो.

वरच्या-खालच्या ओळींची वाटणी:

डावी करंगळी: औकार. डावी अनामिका: दोन मात्रा, अनुस्वार. डावं मधलं बोट: काना, म. डावी तर्जनी: दीर्घ वेलांटी, दीर्घ उकार, न, व. उजवी तर्जनी: ह, ब, ल, स. उजवं मधलं: ग. उजवी अनामिका: द. उजवी करंगळी: ज, ड, य.

'च्या', 'ण्या', 'ल्या' यांच्यामुळे य सतत लागतो, आणि तो खालच्या ओळीच्या टोकाला, करंगळीकडे आहे. शिकणारे तिथेच पूर्ण हात उचलतात आणि परतताना एक घर चुकतात. मग 'र'च्या जागी 'प' पडायला लागतो. य मारताना उजवी तर्जनी जेवरून हलू देऊ नका, फक्त करंगळी खाली ओढा.

शिफ्ट नेहमी अक्षराच्या विरुद्ध हाताने. ख, घ, थ, ध, भ, श, ष, ळ ही उजव्या हाताची अक्षरं, म्हणून डावी शिफ्ट. ण डाव्या हाताला म जिथे आहे तिथे शिफ्टवर, म्हणून उजवी शिफ्ट. अ, आ, इ, उ हे स्वरही त्या-त्या चिन्हाच्याच बटणावर शिफ्टने (अ पाय मोडण्याच्या बटणावर), म्हणजे त्यांनाही उजवी शिफ्ट. एकाच हाताने शिफ्ट आणि अक्षर दाबलं तर हात वाकडा होतो आणि पुढची तीन-चार अक्षरं घसरतात.

पहिले दोन-तीन दिवस फक्त मधली ओळ. तिच्यात पुरेसे शब्द आहेत: टोक, रोप, पोपट, कुरकुर, पुरते, पत्रे, चित्रे, कुत्रे. 'कुत्रे' बघा: क, उकार, त, पाय मोडणे, र, मात्रा. सहा ठोके, सगळे मधल्या ओळीत, आणि जोडाक्षराची सवय पहिल्याच दिवशी. मग तीन दिवस वरची ओळ, तीन दिवस खालची, शिफ्ट सर्वांत शेवटी.

बटणांवर मराठी स्टिकर लावू नका. स्टिकर लावले की मान खाली जाते आणि तिथेच राहते. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबलं की पडद्यावर कीबोर्ड येतो, अडलात तर तो बघा. मजकुराचा कागद कीबोर्डशेजारी आडवा ठेवू नका, पडद्याच्या बाजूला उभा लावा. कोपर साधारण काटकोनात, मनगट टेबलाच्या कडेवर दाबलेलं नको.

रोज अर्धा-अर्धा तास दोनदा. शंभर ठोक्यांत पाचाहून जास्त चुका होत असतील तर वेग कमी करा. चुकीचा ठोका पाठ झाला तर तो पुसायला शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

जावक विभाग

'कर्मचाऱ्यांना'चं उत्तर: तिथे साधा र नको, शिफ्ट दाबून येणारा, खाली टिंब (नुक्ता) असलेला ऱ हवा. क्रम असा: क, र, पाय मोडणे, म, च, काना, शिफ्ट-र, पाय मोडणे, य, काना, अनुस्वार, न, काना. साधा र घेतला की कम्प्युटर त्याचा रफार करतो, त्याला दुसरं काही कळत नाही. अधिकाऱ्यांची, जबाबदाऱ्या, पायऱ्या, दुसऱ्या, सगळीकडे हेच. उलट 'कार्य', 'आचार्य', 'सूर्य' यांत साधा र. हे मनापासून सांगतो, कारण छापील नोटिशीत 'कर्मचार्यांना' दिसलं की वाचणारा तिथे अडखळतोच.

आणि हा एक शब्द तेरा ठोक्यांचा, शिफ्ट वेगळी. 'मन' दोन ठोक्यांचा. काही सॉफ्टवेअर पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात, काही दोन स्पेसमधला एक. पहिल्या हिशेबाने ३० चा वेग म्हणजे मिनिटाला १५० ठोके. तुमचं सराव-सॉफ्टवेअर कसं मोजतं ते आधी बघा, नाहीतर रोजचा आकडा फसवतो.

समास

वर्डचं मी सांगते.

फॉन्ट न बदलण्याचं कारण: वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट मानतं आणि तिचा फॉन्ट व आकार इंग्रजीपेक्षा वेगळा साठवतं. इंग्रजी आकडे, इंग्रजी अक्षरं एका फॉन्टमध्ये आणि मराठी दुसऱ्यात, असं मग होतं. कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा, त्यात 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग आहे, तिथे फॉन्ट आणि आकार द्या. तो भाग दिसतच नसेल तर विंडोज किंवा ऑफिसमध्ये मराठी भाषा जोडलेली नाही. दर पत्राला हे करत बसू नका. 'नॉर्मल' या स्टाइलवर उजवं क्लिक, मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट, आणि एकदाच ठरवून टाका.

आता सगळी गडबड जिथून होते ते. होम टॅबवरचं परिच्छेदाची खूण असलेलं बटण दाबा. स्पेस ठिपक्यांसारख्या दिसतील, टॅब बाणासारखा. तारीख उजवीकडे न्यायला चाळीस ठिपके दिसले, सही खाली न्यायला सहा वेळा एंटर दिसला, तर ते पत्र दुसऱ्या कम्प्युटरवर विस्कटणारच. तिथे तो फॉन्ट नसेल तर वर्ड दुसरा घेतं, त्याची रुंदी वेगळी, आणि स्पेसवर उभी केलेली रचना सरकते. म्हणून जागा सेटिंगने द्या.

कागद ए४ आहे का ते लेआउटमध्ये तपासा. बऱ्याचदा 'लेटर' असतं. त्याची उंची २७९ मिमी, ए४ ची २९७. छापताना सही पुढच्या पानावर उडण्याचं हे एक नेहमीचं कारण. डावा समास ३.८ सेमी (फाईलला पंच मारतात म्हणून), बाकी तिन्ही २.५. मजकुराला रुंदी उरते १४.७ सेमी.

पहिल्या ओळीत डावीकडे 'जावक क्र.', उजवीकडे 'दिनांक'. यासाठी १४.७ सेमीवर उजवा टॅब लावा आणि मध्ये एकदाच टॅब दाबा. मग 'प्रति,' आणि पत्ता, परिच्छेदानंतरची जागा ०. पत्त्यात शिफ्ट-एंटर वापरून मग सगळं जस्टिफाय केलं तर 'मा.       व्यवस्थापक' असे शब्द ताणले जातात. साधा एंटर द्या, ओळ डावीकडे ठेवा.

'विषय :' आणि 'संदर्भ :' यांना २ सेमी हँगिंग इंडेंट द्या आणि विसर्गचिन्हासारख्या त्या दोन टिंबांनंतर टॅब. विषय दोन ओळींचा झाला तरी दुसरी ओळ मजकुराच्या खाली येते, 'विषय' शब्दाच्या खाली नाही. पत्र हातात घेतल्यावर पहिली नजर इथेच जाते.

मग 'महोदय,' आणि मजकूर, आकार १२. मंगल फॉन्टच्या ओळी एकमेकींपासून फार लांब पडतात, कारण त्यात वर-खाली मोकळी जागा जास्त आहे. लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' २० पॉइंट करून बघा. १४ वगैरे केलं तर रफार आणि उकार कापले जातात.

शेवटी 'आपला विश्वासू,' आणि नाव-पदनाम, ९ सेमी डावा इंडेंट. सहीची जागा एंटरने करू नका, नावाच्या परिच्छेदाला 'बिफोर' (परिच्छेदाआधीची जागा) ४२ पॉइंट द्या, म्हणजे साधारण दीड सेंटीमीटर. मजकुराचा शेवटचा परिच्छेद आणि 'आपला विश्वासू,' दोन्ही निवडून पॅराग्राफच्या दुसऱ्या टॅबमध्ये 'कीप विथ नेक्स्ट'वर खूण करा. मग पान भरलं तरी सही एकटी जात नाही, सोबत मजकूर घेऊन जाते. 'सोबत :' आणि 'प्रत :' खाली डावीकडे.

रक्कम: रु. १,२५,०००/- (अक्षरी रुपये एक लाख पंचवीस हजार फक्त). 'रु.' आणि आकडा यांच्यामध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस द्या, म्हणजे 'रु.' ओळीच्या शेवटी आणि आकडा पुढच्या ओळीत असं होत नाही. 'दि.' आणि तारखेलाही तेच. एका पत्रात आकडे एकतर सगळे देवनागरी, नाहीतर सगळे इंग्रजी.

बाहेर पाठवायचं पत्र पीडीएफ करूनच पाठवा.

लिपिका

खूप आभार. आकडे, टॅब सगळं करून बघितलं, विषयाची दुसरी ओळ आता बरोबर येते. एकच राहिलं: संस्थेचं छापील लेटरहेड आहे, वरचा भाग मोठा. दोन पानी पत्र असलं तर दुसऱ्या, कोऱ्या पानावरही वर तेवढीच जागा सुटते.

समास

वरचा समास वाढवलाय म्हणून. तो परत २.५ करा. छापील भाग पट्टीने मोजा, समजा कागदाच्या वरच्या कडेपासून ४.५ सेमी. हेडरवर दोनदा क्लिक करून 'डिफरंट फर्स्ट पेज' लावा, आणि पहिल्या पानाच्या हेडरमधल्या रिकाम्या परिच्छेदाला 'बिफोर' ९० पॉइंट द्या. हेडर उंच झालं की वर्ड मजकूर खाली ढकलतं, फक्त पहिल्या पानावर. आधी साध्या कागदावर छापा, लेटरहेडवर ठेवून उजेडासमोर धरा, आणि कमी-जास्त असेल तर तो ९० चा आकडा बदला.