गेमबॉय अॅडव्हान्स टीव्हीवर: चित्र आणि सेव्ह

निन्टेंडोच्या गेमबॉय अॅडव्हान्स या हातात धरायच्या जुन्या कन्सोलचे गेम रेट्रोपायवर (रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) खेळताना बायोसची फाईल, म्हणजे मूळ यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम, लागतेच का, असं बरेच जण विचारतात. एमजीबीए कोअर (मूळ यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर तिच्यावाचूनही बहुतेक गेम चालतात, त्यात पर्यायी बायोस आधीच आहे. तो विषय सोडा.

खरी मेख चित्रात आहे. मूळ कन्सोलची स्क्रीन 240 गुणिले 160 पिक्सेलची. 1080 ओळींच्या टीव्हीवर ती पूर्ण ताणली की पावणेसात पट होते, म्हणजे काही ओळी सात पट जाड, काही सहा. स्क्रोल करताना अक्षरं थरथरतात ती यामुळेच. रेट्रोआर्चमध्ये (रेट्रोपायमधला कोअर चालवणारा प्रोग्रॅम) इंटिजर स्केल, म्हणजे चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणं, चालू करा: नेमकं सहा पट, 1440 गुणिले 960. चहूबाजूंनी काळी पट्टी राहील, राहू दे. 2001 च्या त्या स्क्रीनला बॅकलाइट नव्हता, म्हणून बऱ्याच गेमचे रंग मुद्दाम भडक ठेवलेले; कोअर ऑप्शन्समधलं कलर करेक्शन लावून बघा.

आणि 'सेव्ह उडतो' म्हणणाऱ्यांनो, थेट प्लग ओढता ना? गेममधला सेव्ह एरवी मेमरी कार्डावर उतरतो तो गेम बंद करताना. रेट्रोआर्चच्या सेव्हिंगच्या मेनूत सेव्हरॅम ऑटोसेव्ह (गेममधला सेव्ह आपोआप कार्डावर उतरवणं) 10 सेकंदांवर ठेवा. लाइट सारखी जात असेल तर हे आधी, बाकी सगळं नंतर.