फोटोचा मॅग्नेट फ्रीजला एकाच बाजूने का चिकटतो?

प्रश्न
लेकीला वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमध्ये फोटोचे दोन पातळ मॅग्नेट मिळाले. काळी बाजू फ्रीजला घट्ट बसते, फोटोची बाजू लावली की घसरून खाली. वर दोन मॅग्नेट काळ्या बाजूंनी एकमेकांवर ठेवून आडवे सरकवले की खर्र-खर्र अडकतात, उभे सरकवले की सुळकन जातात. ती सारखी विचारते आहे आणि मला सांगता येत नाही.

उत्तर १
फोटोवरच्या प्लास्टिकमुळे जोर पोचत नसेल.

उत्तर २
नाही दादा. काळ्या बाजूला कागद ठेवून लावून बघा, तरी चिकटेल.

ताई, मी १८ वर्षं फ्रीज दुरुस्त करतोय. हा मॅग्नेट म्हणजे फेराइटची पूड, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड स्ट्रॉन्शियम किंवा बेरियमबरोबर भाजून केलेली, रबरात कालवून लाटलेली. म्हणून तर कात्रीने कापता येतो. त्यावर उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असे एक-दोन मिलिमीटरचे पट्टे चुंबकित करतात, आणि आतली दिशा अशी फिरवत नेतात की काळ्या बाजूला जोर एकवटतो, फोटोच्या बाजूला एकमेकांना मारून जवळजवळ संपतो. खर्र होतं ते एक पट्टा ओलांडून पुढच्यात अडकल्यामुळे.

दरवाजाच्या रबराच्या पोकळीतही अशाच मालाची पट्टी असते. रबर बदलताना ती हातात आली की मला जुनी गोष्ट आठवते. पूर्वी फ्रीजला बाहेरून खिटी असायची. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये खेळताना मुलं अडकून गुदमरायची. १९५६ साली अमेरिकेत कायदा झाला, दरवाजा आतून उघडलाच पाहिजे. मग खिटी गेली आणि मॅग्नेटचं रबर आलं. आजही भंगारात फ्रीज देताना मी दरवाजा काढूनच देतो. तुम्हीही द्या.

उत्तर ३
आमच्या नव्या फ्रीजच्या काचेच्या दारावर एकही टिकत नाही.

उत्तर २
काच जाड असते, मागचा पत्रा लांब राहतो. बाजूच्या पत्र्यावर लावा. स्टीलच्या दाराचंही तसंच, काही जातींचं स्टील चुंबकाला धरतच नाही.

प्रश्नकर्ती
दादा, मुलीने अंगणातल्या वाळूत चुंबक फिरवून काळी रेती गोळा केली आणि मॅग्नेटवर पांढरा कागद ठेवून भुरभुरली. बारीक, सरळ रेघा उमटल्या, कंगव्याने ओढल्यासारख्या! फोटोच्या बाजूला रेती नुसतीच पसरली. आता ती रेघा मोजते आहे, पंचवीसपर्यंत आली.