बायकांचा कंडोम सरकतो, काय चुकतंय?

प्रश्न (दादर): दोन टोकांना रिंग असलेल्या या पिशवीची बाहेरची रिंग आत ओढली जाते. त्याऐवजी डायाफ्राम (गर्भाशयाचं तोंड झाकणारी मऊ वाटी) वापरू का?

परळकरीण: रिंग आत जाते ती बहुतेक कोरडेपणामुळे. पिशवीच्या आतून वंगण भरपूर लावा. बसवताना आतली रिंग अंगठा आणि मधल्या बोटात दाबून लांबट करा, आत सरकवा; मग पिशवीत तर्जनी घालून जाईल तितकी वर ढकला. पीळ पडू देऊ नका. बाहेरची रिंग अंगाबाहेरच हवी. लिंग पिशवीत न जाता रिंगच्या बाहेरून शिरलं तर तिथेच थांबा, हे फार महत्त्वाचं. काढताना उभं राहण्याआधी बाहेरच्या रिंगला पीळ द्या, म्हणजे वीर्य सांडत नाही.

माहीमवाली: सोबत पुरुषाचा कंडोम नको, घासून दोन्ही सरकतात किंवा फाटतात. खोबरेल तेल लॅटेक्सच्या (नैसर्गिक रबर) कंडोमला चालत नाही, नायट्राइलच्या (कृत्रिम रबर) चालतं. पाकीट वाचा.

ठाणेकर: डायाफ्रामला शुक्राणुनाशक जेल लागतं. संबंधानंतर किमान 6 तास आत ठेवायचा, एकूण 24 च्या वर नाही. एचआयव्हीपासून मात्र तो भरवशाचं संरक्षण देत नाही, म्हणून माझं मत कंडोमलाच. तोही सरकलाच तर 72 तासांत, जमेल तितक्या लवकर, केमिस्टकडून इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी घ्या.