आपल्याकडे येणारी नाटकं बायका लिहीतच नाहीत का?

खाडीकाठ
मे महिन्यातल्या नाटकाचं पत्रक छापायचं होतं, म्हणून नमुन्यासाठी मंडळाच्या कपाटातली जुनी पत्रकं काढली. करोनाची दोन वर्षं सोडून आम्ही मुंबईहून आणलेली अकरा व्यावसायिक नाटकं. पत्रकावर कलाकारांचे फोटो ठसठशीत, आणि पार खाली, प्रवेशमूल्याच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात लेखक. चष्मा लावून वाचलं. अकराच्या अकरा पुरुष. त्यातली निम्मी नाटकं सासू, सून, आई, घटस्फोट यांवरची!

आम्ही गुहागर तालुक्यातले. मराठीतल्या सुरुवातीच्या स्त्री नाटककारांपैकी एक, हिराबाई पेडणेकर, जन्मल्या सावंतवाडीत, आणि उतारवयात राहिल्या इथे पालशेतला. त्यांचं ‘संगीत दामिनी’ केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने केलं होतं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एक व्यावसायिक कंपनी बाईचं नाटक करत होती, आणि आम्ही त्यांच्या शेजारगावात राहून एकदाही आणलं नाही. चूक आमची, निर्मात्यांची, की बायका लिहीतच नाहीत?

नारळीपोफळी
दादा, रागावू नका, पण पंधरा वर्षं तिकिटं विकतोय. नाटक कोणी लिहिलंय हे आजवर एका माणसाने विचारलेलं नाही. ‘कोण येतंय?’ एवढंच विचारतात. मालिकेतला चेहरा असला की पहिल्या चार रांगा दोन दिवसांत जातात. कॉन्ट्रॅक्टचा आकडा, मांडव, जनरेटर, पन्नास माणसांचं जेवण, वर पावसाची धास्ती. यात लेखक बाई की बुवा हे कुठे बघत बसू? आणि बायकांचं दुःख पुरुषाला लिहिता येत नाही असं थोडंच आहे? ‘चारचौघी’ प्रशांत दळवींचं, ‘देवबाभळी’ प्राजक्त देशमुखांचं. आमच्याकडच्या बायका दोन्ही बघून डोळे पुसत आल्या.

लांज्याची
नारळीपोफळी, तुमचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. लेखकाचं नाव कोणी विचारतच नसेल, तर बाईचं नाटक आणल्याने तुमचं एक तिकीटही कमी होणार नाही. मग अडतं कुठे?

कुठे अडतं ते सांगते. कॉलेजात असताना माझ्या दोन एकांकिकांना बक्षिसं मिळाली. पुढे दोन अंकी नाटक लिहिलं, हौशी ग्रुपने स्पर्धेत केलं. मुंबईच्या एका निर्मात्याला आवडलं, भेटायला बोलावलं. माणूस सज्जन. चहा पाजला, संहिता खरंच वाचली होती, पानांना घड्या घातलेल्या. म्हणाले, दुसरा अंक उभा करताना बदलावा लागेल, तालमी संध्याकाळी सातनंतर, दीड महिना, लेखक समोर हवा. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. घरून मुंबई म्हणजे एक रात्र गाडीत. मी म्हटलं, बदल लिहून पाठवते. ते म्हणाले, ‘नाटक पोस्टाने बसत नाही हो.’ खरं आहे त्यांचं. नाटक तालमीतच लिहिलं जातं. पण त्या तालमीत दीड महिना कोण बसू शकतं, हेही आधीच ठरलेलं असतं. संहिता अजून ट्रंकेत आहे, घड्यांसकट.

तिसरी घंटा
वाईट वाटलं ताई, पण हे दुःख बाईचं की कोकणाचं? राजापूर तालुक्यातले गंगाराम गवाणकरही मुंबईला गेले, तेव्हाच ‘वस्त्रहरण’ झालं. गावात बसून कुणालाच धंदेवाईक रंगभूमी मिळत नाही. शिवाय चित्र इतकं काळंही नाही. सई परांजप्यांचं ‘सख्खे शेजारी’ आहे, मनस्विनी लता रवींद्रचं ‘अमर फोटो स्टुडिओ’ तर परवापरवाचं आणि चांगलं चाललेलं.

लांज्याची
गवाणकरांच्या जागी त्यांची बहीण असती तर तिला घरच्यांनी एकटी मुंबईला पाठवली असती का? एवढंच सांगा.

बाव्याक इचारा
आमच्या दशावतारात लेखकच नसता! आख्यान ठरला की जो तो थंयच बोलता. थंय लेखिका खंयसून येतली? आमच्याकडे पुरुषच साडी नेसान राणी होता, आणि असो रडता की म्हाताऱ्यो पदर डोळ्याक लावतत. 😄

खाडीकाठ
भाऊ, हसलो, पण हाच तर माझा मुद्दा. राणी काय बोलणार हे तिथेही पुरुषालाच सुचतं.

तिसरी घंटा, तुम्ही दोन नावं दिलीत आणि मला ती लगेच आठवली. पुरुष नाटककारांची नावं बोटांवर मोजायची वेळ येते का कधी? आणखी एक. हिराबाईंच्या आयुष्यावर व्यावसायिक रंगभूमीवर नाटक झालं, ‘कस्तुरीमृग’. लिहिलं वसंत कानेटकरांनी. नाटककार बाई परत रंगमंचावर आली ती पात्र होऊन. कानेटकरांना दोष देत नाही, पण खटकतं.

जुना मास्तर
खाडिलकरांनी ‘बायकांचे बंड’ लिहिलं, त्याला गिरिजाबाई केळकरांनी ‘पुरुषांचे बंड’ लिहून उत्तर दिलं. १९१३ साल. याच गिरिजाबाई १९२८ च्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष. म्हणजे बायका लिहीत नव्हत्या हे खोटं. पण कुणी बाई आहे म्हणून तिचं नाटक आणा, हे मला पटत नाही. वाईट नाटक वाईटच.

लांज्याची
मास्तर, वाईट नाटकं आम्ही दर मे महिन्यात बघतो. ती पुरुषांची असतात आणि त्यांचे प्रयोग होतात. वाईट लिहायची सवलत आम्हालाही द्या की.

नारळीपोफळी
हे मात्र खरं बोललात. गेल्या वर्षीचं नाटक आणल्याबद्दल मला अजून टपरीवर बोलणी खावी लागतात.

बरं, व्यवहाराचं बोलतो. नवीन लेखिकेचं मोठं नाटक मी अंगावर घेणार नाही, बुडालो तर मंडळाचा गणपती बुडेल. पण ताई, ती ट्रंकेतली संहिता वाचून दाखवाल का? शाळेच्या सभागृहात, शनिवारी संध्याकाळी. माईक आणि दोनशे खुर्च्या माझ्या.

खाडीकाठ
पत्रक माझ्याकडे लागलं. लेखिकेचं नाव सगळ्यात वर, मोठ्ठ्या अक्षरात.

लांज्याची
शनिवार नको, रविवार दुपार ठेवा. शेवटची एसटी साडेसहाला आहे. आणि दुसरा अंक लांबलाय, तो निर्माता म्हणाला ते बरोबर होतं. महिनाभर द्या.