नाशिक: मुलीच्या जंपिंगसाठी (घोड्यावरून अडथळे पार करण्यासाठी) पोनी, म्हणजे लहान चणीचा घोडा, विकत घ्यावा का?

बागेतली_आई
नमस्कार. मुलगी १२ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी उन्हाळी शिबिरात घोड्यावर बसली, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही तिला. गेल्या महिन्यात पुण्याच्या स्पर्धेत क्लबच्या पोनीवर ८० सेंमी उंच अडथळ्यांचा राउंड एकही पोल (अडथळ्याचा आडवा दांडा) न पाडता पूर्ण केला. मधल्या एका अडथळ्यापाशी पोनी कचरला, तेव्हा हिने लगाम न ओढता पायांनी त्याला पुढे नेलं. कोच म्हणाले, हे शिकवून येत नाही.
आता एका विक्रेत्याकडे पाच वर्षांचा पोनी आहे. फार देखणा. "दोघं एकमेकांबरोबर शिकतील" म्हणतो. दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग आहे, तिथे शेड बांधता येईल. मी घाई करतेय का? मनापासून सांगा.

जुना_मोतद्दार
ताई, हा पोनी घेऊ नका. दोघांपैकी एकाला तरी काम येत असलं पाहिजे. पाच वर्षांच्या जनावराला अजून स्वतःचाच तोल सापडलेला नसतो. त्याने नकार दिला की ४ दंडगुण, आणि मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दुसऱ्या नकाराला थेट बाद. पण दंडगुणांचं सोडा. तीन-चार वेळा असं झालं की पोरीच्या मनात अडथळ्याची भीती बसते, आणि ती काढायला वर्षं लागतात. तिच्यासाठी १२ ते १५ वर्षांचा, शंभर राउंड पाहिलेला पोनी शोधा. दिसायला साधा असू दे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रुबाब आणि चाल बघतात, तिथे ते बरोबरच आहे. इथे बघायचं ते हे, की तिचा हात चुकला तरी जनावर तिला सांभाळून पलीकडे नेतं का.

नाशिकरोड_व्हेट
मोतद्दारकाकांशी सहमत. शिवाय बागेत एकटा पोनी ठेवू नका. घोडा कळपातला प्राणी, एकटा झुरतो. फवारणी झालेल्या द्राक्षबागेतलं गवत तर अजिबात घालू नका; बोर्डो मिश्रणातलं तांबं पोटात जातं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला तर रात्री दोन वाजतासुद्धा डॉक्टर लागतो. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा.
पुढेमागे कुठलाही पोनी पसंत पडला तर स्वतंत्र डॉक्टरकडून तपासा. प्रत्येक पाय मिनिटभर वाकवून धरून लगेच दुडकी चालवतात, त्यात लपलेलं लंगडणं दिसतं.

शिंगाडा_तलाव
आणखी एक. मुलगी वाढतेय. पोनीच्या उंचीची मर्यादा नालाशिवाय १४८ सेंमी, आणि आंतरराष्ट्रीय पोनी गटात वय १२ ते १६. आज घेतलेला पोनी दोन-तीन वर्षांत लहान पडेल. आम्ही मुलासाठी अर्धा लीज घेतला होता: आठवड्यात ठरलेले दिवस आपले, चंदीचा आणि नालबंदीचा खर्च अर्धा. पैसे वाचले ते चांगल्या हेल्मेटला घाला. पडून आपटलं की ते बदलायचं, वरून धड दिसलं तरी.

बागेतली_आई
सगळ्यांचे आभार. काल त्या विक्रेत्याला "नको" म्हणून कळवलं. मुलगी रडली, पण क्लबच्या त्याच म्हाताऱ्या पोनीच्या अर्ध्या लीजबद्दल बोलणं सुरू झालंय म्हटल्यावर खुलली. तोपर्यंत घरी काही सराव करून घेता येईल का?

रामदंडी९६
येईल की. मी भोसला मिलिटरी स्कूलमध्ये असताना आम्हाला मैदान पायांनी मोजायला लावायचे. तीन फुटांचं पाऊल टाकायला शिकवा. चार पावलं म्हणजे घोड्याचा एक स्ट्राइड (दौडीतली एक ढांग), १२ फूट. दोन अडथळ्यांत ६० फूट असतील तर उतरण्याचे सहा फूट आणि उडी घेण्याचे सहा फूट वजा करायचे, उरले ४८, म्हणजे चार स्ट्राइड. पण तिच्या पोनीचा स्ट्राइड १० फुटांचा असेल तर त्याच जागेत त्याला पाच बसतात. घोड्यांसाठी मांडलेल्या कोर्सवर पोनीवाली मुलं इथेच फसतात: घोड्याचा आकडा धरून पळवतात, पोनी लांबून उडी मारतो आणि पोल खाली. तिच्या पोनीचा स्ट्राइड आधी ओल्या मातीत टेपने मोजून घ्या.

बागेतली_आई
आज संध्याकाळी अंगणात खडूच्या रेषा मारल्या. तिचं पाऊल अजून अडीच फुटांचंच पडतंय, तीन होईपर्यंत जेवायला येणार नाही म्हणते. रविवारी टेप घेऊन क्लबवर जातोय.