फराळाच्या मेसेजमध्ये गिऱ्हाइकाशी सलगी किती करावी?

भाजणीवाली (कर्वेनगर)
घरून चकली, भाजणी, मेतकूट विकते. गिऱ्हाईक कोथरूड-एरंडवण्याचं, निम्म्या आज्या, निम्म्या आयटीतल्या मुली. आजवर व्हॉट्सअॅपवर नुसता भाव टाकायचे. यंदा भाचीने लिहून दिलंय: ‘हे फूडी! चकली क्रेव्हिंग होतंय ना? पटकन ऑर्डर कर!’ माझ्या यादीत एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना हे पाठवायची माझी छाती नाही. पण ‘आमचे येथे योग्य दरात मिळेल’ हेही कोरडंठाक वाटतं. काय लिहू?

तुळशीबागकर
आमचा बांगड्या-कानातल्यांचा गाळा आहे. ‘ताई, या ना, बघून तर जा’ दिवसभर चालू असतं, पण तेवढ्यावर कोणी थांबत नाही हो. ‘मागे तुम्ही विचारलेला मोरपंखी आलाय’ म्हटलं की पाय वळतात. तुम्हीही तुमच्या स्वयंपाकघरातलं लिहा. उदाहरणार्थ: ‘डाळ-तांदूळ वेगवेगळे भाजून झाले, उद्या गिरणीत देतेय. तिखट कमी हवं असेल तर आजच कळवा, पीठ भिजवल्यावर माझ्या हातात काही नाही.’ वाचताना तुमचा आवाज ऐकू येतो की नाही?
आणि ‘तुम्ही’च ठेवा. आयटीतल्या मुली त्याने पळून जात नाहीत. बाईंना अरेतुरे केलंत, तर तुमचाच मेसेज शुद्धलेखन तपासून परत येईल. ऑर्डर नाही.

हप्तेवाला
सहमत. मला एका बँकेकडून ‘हाय बडी’ येतं, खाली कर्जाचा हप्ता. कसला बडी!
कामाचं म्हणजे, ग्रुप करू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. डबा देताना तेवढं सांगून ठेवा. आज्यांची लिस्ट वेगळी केलीत तर त्यांना ‘फोन केलात तरी चालेल’ असंही लिहिता येईल.

पेठेतला
भाव पहिल्या ओळीत हवा. गोड बोलून भाव शेवटी सांगितला की आमच्याकडे लगेच संशय येतो.

भाजणीवाली
भाव वर घेतला, गिरणीचं वाक्य तसंच उचलते, चालेल ना? भाची रुसलीय, म्हणते निदान एक इमोजी तरी ठेव.

तुळशीबागकर
उचला की. चकलीचा इमोजी नाहीये, पणतीचा आहे. तो ठेवा, बाईंचीही हरकत नसेल.